नाकाची साक्ष

ज्ञानदाच्या नाकाची रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत ख्याती होती. धानाच्या कोंड्यातून तेल काढणाऱ्या एका कारखान्यात ती एकोणीस वर्षं केमिस्ट होती. सकाळी गेटवर स्कूटी लावता लावताच ती फिटरला सांगायची, "आज कंडेन्सरकडून काहीतरी सुटून राहिलं आहे, बघा बरं." फिटर जाऊन बघायचा, तर खरोखरच एखादा जोड पाझरत असायचा. मूठभर कोंडा नाकाशी धरला की तो दोन दिवसांचा आहे की चार, हे ती सांगायची, आणि मग प्रयोगशाळेत आम्लता काढली की आकडा तिच्या अंदाजाच्या आसपासच निघायचा.

तेल काढायचं ते हेक्सेननं. दिसायला पाण्यासारखा स्वच्छ, पण जातकुळी पेट्रोलची. कोंड्यातलं तेल तो आपल्यात ओढून घेतो; मग त्याला तापवून उडवायचं, तेल मागे राहतं, आणि उडालेली वाफ कंडेन्सरमध्ये गार करून पुन्हा वापरायची. कारखान्यात हे काम मोठाल्या टाक्यांमधून चालायचं आणि प्रयोगशाळेत तेच हातभर उंचीच्या काचेच्या यंत्रात, दर पाळीच्या कोंड्यात तेल किती आहे ते बघायला. एकोणसत्तर अंशांना हेक्सेन उकळतो. पण पेट घ्यायला त्याला उकळावं लागत नाही. बर्फापेक्षा वीस-बावीस अंश गार असला तरी त्याच्यावर पेटण्याइतकी वाफ साचते. रायपूरच्या उन्हाळ्याचं तर विचारूच नका. शिवाय ती वाफ हवेच्या तिप्पट जड. वर जाऊन विरून जात नाही, जमिनीलगत सरकते, दाराच्या फटीतून, नालीतून कुठल्या कुठे जाते. तिकडे दूर एखादी ठिणगी पडली की आग त्याच वाटेनं उलटी येते. नव्या माणसाला ज्ञानदा हे सगळं पहिल्याच दिवशी सांगायची आणि शेवटी म्हणायची, "वास आला की बोलायचं. खोटा निघाला तरी चालेल."

जानेवारीत पुरानी बस्तीतल्या तिच्या घरात सगळ्यांना ताप आला. नवरा शिशिर आणि मुलगी श्रावणी चार दिवसांत उठले. ज्ञानदाही उठली. आठव्या दिवशी वरणाला फोडणी देताना तिनं हिंगाची डबी उघडली आणि तिला काहीच जाणवलं नाही. डबी नाकाला लावली. मग मोहरी, मग रॉकेलची जुनी बाटली, मग कपाटातली कापराची पुडी. जणू सगळ्या घराला कुणी धुऊन पुसून ठेवलं होतं.

कानानाकाच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं. तापात नाकातली नस दुखावली आहे, म्हणाले, सहा महिन्यांत वास परत येईल, कदाचित वर्ष लागेल, कदाचित येणारही नाही. रोज सकाळी लवंग, लिंबू, निलगिरी हुंगत जा.

ती हुंगत राहिली. कारखान्यात मात्र तिनं कुणाला काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणत फेब्रुवारी गेला, मार्च गेला. कोंड्याची मूठ ती अजूनही नाकाशी धरायची आणि डोळ्यांनी रंग बघून दिवस सांगायची. एकदा दोनदा चुकली, तेव्हा लोक हसले आणि विसरून गेले. नाक गेलेला केमिस्ट म्हणजे कान गेलेला तबलजी, असं तिला वाटायचं. रात्री शिशिर विचारायचा, "सांगितलं का त्यांना?" ती म्हणायची, "सांगते ना."

एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी ती प्रयोगशाळेत टेबलाशी बसून आकडे मांडत होती. पाठीमागे ओट्यावर काचेची तीन यंत्रं चालू होती. खाली चंबूत हेक्सेन उकळत होता आणि वरच्या नळीभोवती गार पाणी फिरत होतं, म्हणजे वाफ पुन्हा थेंब होऊन खाली यावी. छपरावरची पाण्याची टाकी कधी रिकामी झाली ते तिला कळलं नाही. पाणी थांबलं, नळ्या तापल्या, आणि वाफ वरच्या तोंडातून बाहेर पडून ओट्यावरून फरशीवर उतरू लागली. ती अर्धा तास त्यात बसून होती. डोकं थोडं जड झालं होतं. तिला वाटलं, ऊन.

दार उघडलं. प्रयोगशाळेचा मदतनीस दयाराम नमुन्यांच्या पिशव्या घेऊन आला होता. अभनपूरकडचा पन्नाशीचा माणूस, तिच्यासोबत बारा वर्षं काम केलेला. तो उंबऱ्यावरच थांबला.

"दीदी," तो अगदी हळू म्हणाला, "कुछू ला झन छूहू. उठव अउ आ जाव."

काही शिवू नका, उठा आणि या. ती वळली. नळ्यांतलं पाणी थांबलेलं दिसलं. हात आपोआप ओट्याच्या बटणाकडे गेला होता; तो तिनं मागे घेतला. बटण दाबलं की आत बारीक ठिणगी उडते, हे तिनंच दयारामला शिकवलं होतं. ती पंख्याला, दिव्याला, कशालाही न शिवता बाहेर आली. दयारामनं तोवर बाहेरच्या भिंतीवरचा मुख्य खटका पाडला होता. दोघांनी बाहेरूनच खिडक्या ढकलून उघडल्या आणि पुढचा तासभर आवारातल्या कडुनिंबाखाली उभे राहिले.

"एवढी जोराची बास," दयाराम म्हणाला, "आणि तुम्ही बसल्या होत्या. तुमची नाक बंद हे का, दीदी?"

"हव," ती म्हणाली. "जानेवारीपासून."

त्यानं प्रयोगशाळेच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "मोला बताना रहिस. मले सांगितलं असतं, तर मी बाहेर गेलोच नसतो."

त्या वाक्यानं तिला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ती कारखान्याचे मॅनेजर यशवंतराव यांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तापापासून कालच्या दुपारपर्यंत.

यशवंतराव मूळचे भंडाऱ्याकडचे, साठीला आलेले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला बसवलं, पाणी मागवलं.

"ताई, याच्यात तुमचा काय दोष? तब्येतीची गोष्ट आहे. असं करा, तुम्ही डिस्पॅचला या. एसीत बसा, कागद बघा. लॅबमध्ये आपण दुसरा माणूस घेऊ."

"मले डिस्पॅच नको," ज्ञानदा म्हणाली. "मले मीटर पाहिजे. हातात धरायचा, नळी असलेला. हवेत किती वाफ आहे ते आकड्यात दाखवतो तो."

"प्लँटमध्ये दोन लागलेले आहेत ना."

"दोन्ही छातीच्या उंचीवर आहेत, आणि वाफ राहते पायाशी. लॅबमध्ये तर एकही नाही, नाल्यांवर नाही, गोदामाकडे नाही."

यशवंतराव हसले. "अहो, चाळीस नाकं आहेत आपल्याकडे. तुमचं एक गेलं तर एकोणचाळीस राहिली."

ती उठून आली. घरी शिशिरनंही तेच म्हटलं. काहून जिवाला घोर लावतेस, वर्ष दोन वर्षं कागद बघ, मग बघू. श्रावणी ताटावरून मान वर न करता म्हणाली, "मम्मी, पापा सही बोल रहे हैं. रिस्क क्यों लेना?"

"काल मी लॅबमध्ये होते म्हणून धोका झाला, असं वाटते का तुम्हाले?" ज्ञानदा म्हणाली. "नाक शाबूत असलेला माणूसही एक दिवस सर्दी घेऊन येईल. तेव्हा कोण सांगेल?"

पुढचे दोन रविवार तिनं गळतीच्या नोंदवह्या घरी आणून वाचल्या. सहा वर्षांत एकतीस वेळा वासावरून गळती सापडली होती. प्रत्येक नोंदीसमोर, वास पहिल्यांदा कुणाला आला त्याचं नाव होतं. ती नावं आणि हजेरीची वेळ ताडून बघताना तिला एक गोष्ट दिसली, जी एकोणीस वर्षांत दिसली नव्हती. एकतीसपैकी सव्वीस वेळा वास आला होता तो नुकत्याच पाळीवर आलेल्या माणसाला, नाहीतर ट्रकवाल्याला, नाहीतर जेवून परतलेल्याला. जे आत काम करत होते त्यांना आला नव्हता. त्यांची नाकं चांगली होती. वासात उभं राहून राहून ती थकून गेली होती. आणि तिचं स्वतःचं गाजलेलं नाक? तिचं नाव नऊ वेळा होतं, आणि नऊही वेळा सकाळी, गेटमधून आत येताना.

हा कागद तिनं यशवंतरावांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, नाक खाजवलं आणि मीटर मागवायला परवानगी दिली. पटलं म्हणून की ही बाई रोज येऊन उभी राहील म्हणून, ते तिला कळलं नाही. तिला त्याच्याशी घेणंही नव्हतं.

मीटर आला. लहान विटेएवढा, पिवळा, सोबत दोन मीटर लांब नळी. हवेत वाफ पेटण्याइतकी झाली तर तो शंभर दाखवायचा. दहावरच ओरडायला लागायचा. ज्ञानदा आणि दयाराम दर दोन तासांनी तो घेऊन फिरू लागले. पंपांच्या पायाशी, नाल्यांच्या जाळ्यांवर, गोदामाच्या उंबऱ्यावर. दयाराम नळी जमिनीला टेकवायचा, ती आकडा लिहायची. पहिले दहा दिवस सगळीकडे शून्य. कामगार म्हणायचे, दीदी झाडू मारायला निघाली. ती लिहीत राहिली: शून्य, शून्य, शून्य.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात कोंडा वर चढवणाऱ्या एलेव्हेटरचा तळपत्रा फाटला. कोंडा थांबला म्हणजे कारखाना थांबला, आणि बाहेर कोंड्याच्या ट्रकांची रांग लागलेली. भिलाईकडून वेल्डर बोलावला. एलेव्हेटर तेल काढायच्या इमारतीच्या बाहेर, झाकलेल्या नालीला लागून उभा होता. ठिणग्यांचं काम सुरू करायच्या आधी केमिस्टनं जागा बघून परवान्यावर सही करायची, हा जुना नियम. पूर्वी ज्ञानदा तिथे उभी राहायची, हवा हुंगायची आणि सही करायची. कधी कधी तर खोलीत बसूनच करायची.

सकाळी अकरा वाजता ती मीटर घेऊन गेली. दयारामनं नालीच्या जाळीतून नळी खाली सोडली. आकडा हलला. चार. नऊ. मीटर किंचाळू लागला. चौदा. अठरावर येऊन थांबला.

"नळी वर घे," ती म्हणाली. वर घेतल्यावर आकडा उतरला. "पुन्हा सोड." पुन्हा अठरा.

तिनं वेल्डरला थांबवलं आणि यशवंतरावांना बोलावणं धाडलं. ते उन्हातून तरातरा आले, जाळीवर वाकले, दोनदा खोल श्वास घेतला.

"काही वास नाही," ते म्हणाले. फोरमनही वाकला. सकाळपासून तिथेच पत्रा खोलत असलेले दोन फिटर आणि त्यांच्यासोबतचा वेल्डर वाकले. कुणालाच वास येत नव्हता.

"मीटरमध्ये कोंड्याची धूळ गेली असेल ताई. नवीन वस्तू आहे."

ज्ञानदा मीटर घेऊन पार गेटपर्यंत चालत गेली. तिथे मोकळ्या हवेत तो शून्यावर आला. सगळ्यांना दिसेल असा हातात धरून ती परत आली, नळी खाली सोडली. अठरा.

"साहेब, मी सही करत नाही. जाळीपाशी अठरा आहे, आत नालीत किती असेल कोण जाणे."

यशवंतरावांच्या कपाळावर घाम होता. "बाहेर तेवीस ट्रक उभे आहेत. कोंडा तापून सडून राहिला आहे. मालकांचा दोनदा फोन आला. पाच माणसं सांगतात वास नाही, आणि तुम्ही..." ते थांबले. पुढचं वाक्य काय होतं ते सगळ्यांना कळलं. तुम्हाला तर नाकच नाही.

"हो," ज्ञानदा म्हणाली, "मले वास येत नाही. म्हणून मी अंदाज नाही करत, मोजते."

"आणा तो कागद. मी करतो सही."

"करा. पण या भैयाला मी सांगणार की केमिस्टनं नाही केली." ती वेल्डरकडे वळली. "सहा वर्षांच्या वह्या पाहिल्या मी. आत उभ्या असलेल्या माणसाला वास येत नाही. साहेबही सकाळपासून प्लँटमध्येच आहेत. बाहेरचं कुणी आणा. फक्त पाच मिनिटं थांबा."

रस्त्यापलीकडे अंजनाबाईंचं भजी-चहाचं दुकान होतं. दयाराम गेला आणि त्यांना तसंच घेऊन आला. हाताला बेसन लागलेलं, काय झालं ते माहीत नाही. कुणी त्यांना काही सांगितलं नाही. त्या गेटातून आल्या, गोदामाच्या कडेनं चालत आल्या आणि जाळीपासून पंधरा-वीस पावलांवर थबकल्या. पदर नाकाला लावला.

"इहां काय गिरे हे? पेट्रोल बरोबर बास मारथे," त्या म्हणाल्या. "मोर तो मुड़ पिरा गे."

इथे काय सांडलं आहे, पेट्रोलसारखा वास मारतो, माझं तर डोकंच दुखायला लागलं. वेल्डरनं हातातला चिमटा खाली ठेवला, मागे जाऊन आपल्या मशीनची वायर काढली आणि ती कोपरावर गुंडाळायला लागला. "साहब, मैं कल आऊंगा," तो म्हणाला. "या परसों. जब मैडम बोलेंगी."

यशवंतराव परवान्याचा कागद हातात घेऊन उभे होते. त्यांनी पुन्हा एकदा वाकून हुंगलं. मग सरळ होऊन फोरमनला म्हणाले, "प्लँट बंद करा."

शोधायला संध्याकाळ झाली. हेक्सेनच्या एका पंपाचं पॅकिंग झिजलं होतं आणि थेंब थेंब हेक्सेन खालच्या हौदात जात होता. तेवढ्यानं बिघडलं नसतं; त्या हौदातून नालीकडे जाणाऱ्या नळाला वाकण देऊन त्यात पाणी साठवलेलं असायचं, म्हणजे वाफ पलीकडे जाऊ नये. मेच्या उन्हात ते पाणी आटून गेलं होतं. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. वाफ उघड्या नळातून नालीत उतरत होती आणि नाली थेट एलेव्हेटरच्या पायाशी येत होती. नालीच्या एका टोकाला वेल्डरची ठिणगी पडली असती आणि दुसऱ्या टोकाला चाळीस हजार लिटर हेक्सेनची टाकी होती.

कारखाना दोन दिवस बंद राहिला. पॅकिंग बदललं, नाली पाण्यानं धुतली, वाकणात पाणी भरलं. तिसऱ्या दिवशी मीटर सगळीकडे शून्यावर आला तेव्हा ज्ञानदानं सही केली आणि वेल्डरनं चार तासांत पत्रा बसवला.

यशवंतराव आठवडाभर तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिनं त्या आठवड्यात परवान्याचा नवा नमुना तयार केला. जमिनीलगत आणि नालीत मीटरचा आकडा घेतल्याशिवाय काम नाही. आकडा शून्य नसेल तर काम नाही. वाकणातलं पाणी रोज सकाळी बघायचं. आणि शेवटची ओळ, केमिस्टनं नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणीही, मॅनेजरनंसुद्धा, सही करायची नाही.

कागद परत आला तेव्हा शेवटची ओळ लाल शाईनं खोडलेली होती. तिनं नवा कागद छापला, ती ओळ ठेवली आणि पुन्हा पाठवला. तो पुन्हा खोडून आला. तिसऱ्यांदा ती स्वतः घेऊन गेली.

"तुम्ही ऐकणार नाही," यशवंतराव म्हणाले.

"नाही."

त्यांनी कागद पुढ्यात ओढला, पण पेन उचललं नाही. खिडकीबाहेर ट्रक मागे घेतानाची शिट्टी वाजत होती.

"ताई, तुम्हाले वाटत असेल, मी ट्रकांसाठी खोटं बोललो. मले त्या दिवशी खरंच वास नव्हता आला. देवाशपथ."

"मले माहीत आहे साहेब," ती म्हणाली. "तुम्ही खरंच बोलत होते. म्हणून तर ही ओळ. खोटं बोलणाऱ्यासाठी नाही लिहिली मी."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग ओळ वाचली आणि सही केली. खाली तारीख टाकताना म्हणाले, "आणखी एक मीटर मागवा. एक बिघडला तर?"

"दोन मागवते," ज्ञानदा म्हणाली.

जूनमध्ये प्रयोगशाळेत सोनिया नावाची नवी मुलगी आली. नुकतीच एम.एस्सी. झालेली. ज्ञानदानं तिला यंत्रं दाखवली, नळ्यांतलं पाणी दाखवलं, बाहेरच्या भिंतीवरचा मुख्य खटका दाखवला. मग दाराशी उभं राहून म्हणाली, "आणि एक. मले वास येत नाही, जानेवारीपासून. दयारामभैयाले माहीत आहे, साहेबांनाही माहीत आहे. तुला आला तर मले सांगायचं, आणि मग दोघींनी मोजायचं. तुला नाही आला, तरीही मोजायचं."

"हव मैडम," सोनिया म्हणाली, आणि जरा अडखळून विचारलं, "मग तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते," ज्ञानदा म्हणाली. तिनं खुंटीवरून मीटर काढून मुलीच्या हातात दिला. "चल, अकरा वाजले. आधी पंपाकडून सुरुवात करू."